फुंग : भरल्या पात्राचं अक्षर

हाँगकाँगमध्ये धावणाऱ्या लाल टॅक्स्यांपैकी बहुतेक टोयोटाच्या असतात, आणि तिथले लोक टोयोटाला ‘फुंगथिन’ म्हणतात. भाडं चुकतं करताना खिशातून निघणारी नोट बरेचदा ‘वुइफुंग’ बँकेची असते. आपण तिला एचएसबीसी म्हणून ओळखतो. पंखा, फोन, टीव्ही घ्यायचा झाला तर ‘फुंगचाक’ नावाच्या दुकानांची साखळी आहे. या तिन्ही नावांतला ‘फुंग’ एकच. विपुलता, सुबत्ता, भरभरून असणं हा त्याचा अर्थ. इतका जिथे तिथे दिसणारा हा शब्द, पण आपल्या घरात धान्य किंवा पैसा पुष्कळ आहे हे सांगायला कुणी तो वापरत नाही.

कँटोनीज भाषेतल्या खाण्यापिण्याच्या, पैशाच्या आणि सणावारांच्या शब्दांचा हा लहानसा कोश मराठी वाचकांसाठी आहे. त्यात बाकीच्या शब्दांना चार-सहा ओळी आणि ‘फुंग’ला मात्र एवढी मोठी प्रस्तावना, याचं कारण हा विक्षिप्तपणाच. हा शब्द समजला की भोवतालचे पुष्कळ शब्द आपोआप उलगडतात. शिवाय त्याचा माग काढता काढता आपण मुंबईच्या फोर्टातही येऊन पोचतो, तेही ओढूनताणून नव्हे.

आधी बोलण्यातली आणि लिहिण्यातली भाषा यांचा हिशेब. हाँगकाँगचं मूल घरी कँटोनीज बोलतं, पण शाळेत जे लिहायला शिकतं ती प्रमाण चिनी असते; तिचं व्याकरण आणि बरेच शब्द उत्तरेकडच्या बोलीचे. ती लिहिलेली भाषा ते वाचतं मात्र कँटोनीज उच्चारांत. त्यामुळे एकाच माणसाच्या जिभेवर दोन थर नांदतात. बोलताना ‘तो’ म्हणजे ‘खोइ’, लिहिताना ‘था’. बोलताना नकार ‘म्’, लिहिताना ‘पत’. वृत्तनिवेदक लिहिलेली भाषा कँटोनीजमध्ये वाचून दाखवतो, आणि तिथल्या सिनेमांतली गाणीही बहुतेक त्याच वरच्या थरात लिहिलेली असतात. प्रियकर गाताना जे शब्द वापरतो ते प्रेयसीशी फोनवर बोलताना वापरील तर ती हसेल.

‘फुंग’ या वरच्या थरातला. खालच्या थरात पुष्कळपणासाठी वेगळी, रांगडी शब्दसंपत्ती आहे. नुसतं खूप असेल तर ‘होउ तो’. हवं तेवढं, मोप असेल तर ‘ताइपा’. त्यात मोठी मूठभर असा भाव आहे. वेळ ताइपा, पैसा ताइपा, तुझ्यासारखे ताइपा. आणि धंद्यात चारी बाजूंनी पैसा येऊ लागला तर म्हणायचं की डुकराची टोपली पाण्यात पडली. विणलेल्या टोपलीला भोकं असतात, ती पाण्यात टाकली की सगळीकडून पाणी आत शिरतं; आणि कँटोनीज बोलीत पाणी म्हणजे पैसा. अशी चित्रं हाताशी असताना बाजारात उभं राहून ‘फुंग’ म्हणण्याची गरज कुणाला पडणार?

दोन्ही थरांमधली भिंत पक्की नाही, हेही सांगायला हवं. एकटा ‘फुंग’ तोंडात येत नाही, पण त्याचे काही जोडशब्द बोलण्यात उतरले आहेत. ‘फुंगफू’ म्हणजे समृद्ध, विविधांगी; अनुभवी डॉक्टरबद्दल बोलताना त्याचा अनुभव ‘फुंगफू’ आहे असं कुणीही सहज म्हणतं. टीव्हीवरच्या स्पर्धेत बक्षिसं ‘फुंगफू’ असतात. ‘फुंगसिंग’ जेवणाला लागतो. भरघोस पीक आलं की ‘फुंगसाउ’. पगार किंवा मोबदला घसघशीत असेल तर ‘फुंगहाउ’. अंगाने भरलेली बाई ‘फुंगमुन’, आणि या शेवटच्या अर्थाचा धागा पकडून हाँगकाँगच्या सौंदर्य-चिकित्सालयांनी छाती वाढवण्याच्या उपचाराला ‘फुंगहुंग’ म्हटलं. हजारो वर्षांपूर्वी यज्ञपात्रासाठी कोरलेल्या अक्षराला हा मुक्काम अपेक्षित नसावा.

उच्चाराबद्दल थोडं. कँटोनीजमध्ये सहा स्वर मोजतात, आणि १९९३ साली हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळाने ठरवलेल्या लेखनपद्धतीत प्रत्येक अक्षरापुढे त्या स्वराचा आकडा लिहितात. आपला ‘फुंग’ पहिल्या स्वरातला, उंच आणि सपाट. चौथ्या, खाली घसरणाऱ्या स्वरात तोच ‘फुंग’ एक आडनाव होतो. सहाव्यात पुराणातला दैवी पक्षी. पहिल्या स्वरातही हा एकटा नाही. वारा, मधमाशी, डोंगराचं शिखर आणि वेडाचा झटका हे सगळे त्याच उच्चाराचे धनी. कानावर पडला की कोणता हे संदर्भावरून ठरवायचं. कँटोनीजमधले अल्पप्राण-महाप्राण वर्ण लिहायला रोमनपेक्षा देवनागरी कितीतरी सोयीची आहे, म्हणून रोमन लिपीत ग आणि द लिहितात तिथे या कोशात क आणि त दिसतील. ‘फ’ मात्र सगळीकडे ‘फोटो’तला.

आता अक्षराकडे. चिनी लेखनात ‘फुंग’ अठरा रेघांचं, दाट गर्दीचं अक्षर आहे. खालच्या भागात पायाचं एक पात्र, वरच्या भागात काहीतरी खच्चून भरलेलं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला शू शेन याने रचलेल्या जुन्या कोशाने त्याचा अर्थ तसाच लावला: काठोकाठ भरलेलं अर्पणपात्र. हाडांवरच्या आणि काशाच्या भांड्यांवरच्या प्राचीन लेखांचा अभ्यास करणाऱ्या आधुनिक विद्वानांपैकी काहींना त्यात पात्राऐवजी पायावर उभारलेला ढोल आणि जेडच्या माळा दिसतात. पात्र असो की ढोल, जागा तीच: पूर्वजांपुढची. या अक्षराचं एक जुळं भावंडही आहे, दिसायला जवळजवळ सारखं, आणि त्यातून विधी, शिष्टाचार, भेटवस्तू या अर्थांचा शब्द निघाला. जपानने आपली लिपी सुटसुटीत करताना या जुळ्यांना एकाच रूपात बसवलं. टोयोटा काढणाऱ्या घराण्याच्या आडनावात ते रूप आहे, शब्दशः ‘समृद्ध शेत’; हाँगकाँगच्या टॅक्सीवाल्याचा ‘फुंगथिन’ तो हाच. चीनने १९५०च्या दशकात लिपी सोपी केली तेव्हा त्याच उच्चाराचं दुसरं, झाडाच्या हिरव्या भरारीचं जुनं अक्षर याच्या जागी बसवलं. त्याला रेघा फक्त चार. हाँगकाँगने अठरांचंच ठेवलं. माझं मत विचाराल तर विपुलतेत एवढी काटकसर बरी दिसत नाही.

चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात, शी-चिंगमध्ये, ‘भरल्या पिकाचं वर्ष’ या नावाचं छोटं स्तोत्र आहे. कोठारं धान्याने भरली, त्या धान्याची मद्यं गाळली, ती पूर्वजांना अर्पण केली, असा त्याचा क्रम. भरलं ते देण्यासाठी, आणि म्हणायचं ते ज्याला दिलं त्याच्यासमोर. ‘फुंग’चा पुढचा सगळा संसार मला या क्रमातून सुरू झालेला दिसतो. तो मालकीचा शब्द कधी नव्हता. तो इच्छेचा, आभाराचा आणि दुसऱ्याच्या कौतुकाचा शब्द आहे.

पुरावा हवा असेल तर नव्या वर्षाच्या आधीचे दिवस पाहावेत. हाँगकाँग आणि ग्वांगडोंगमध्ये दारांवर लाल कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. त्यांना ‘फाइछन’ म्हणतात. काळ्या किंवा सोनेरी शाईत चार-चार अक्षरांची आशीर्वचनं असतात. ‘ङ कुक फुंग तंग’, पाचही धान्यं उदंड पिकोत. ‘यन साउ निन फुंग’, माणसं दीर्घायुषी होवोत, वर्ष भरलेलं जावो. पाच धान्यांचं शेत आयुष्यात न पाहिलेल्या माणसाच्या तिसाव्या मजल्यावरच्या घरालाही ही पट्टी असते. तांदळाच्या डब्यावर वेगळी लहान चिठ्ठी लावायची, ‘स्योंग मुन’, म्हणजे सदा भरलेला. डबा रिकामा असला तरी चिठ्ठी तीच. किंबहुना तेव्हाच तिची खरी गरज.

रिकाम्या डब्याची ही धास्ती कँटोनीजने बोलण्यातही मुरवली आहे. ‘हुंग’ म्हणजे रिकामं, पण अशुभालाही ‘हुंग’च म्हणतात, म्हणून भाड्याने द्यायच्या रिकाम्या घराला ‘कत उक’, शुभ घर, असं नाव. डुकराच्या काळजाला प्रमाण भाषेत जो शब्द आहे त्याचा उच्चार ‘कोरडं’ या शब्दासारखा. कोरडं म्हणजे पैशाविना, म्हणून खाटीक त्याला ‘ओलं’ अशा अर्थाच्या शब्दाने विकतो. जीभ ‘सित’, आणि धंद्यातला तोटाही ‘सित’. मग जिभेला ‘लेइ’, म्हणजे नफ्याच्या उच्चाराचा शब्द. दुकान ‘वाढवणाऱ्या’ आणि फुटलेली बांगडी ‘वाढली’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. फरक एवढाच की आपण एका ‘वाढणे’वर सगळं निभावलं, त्यांनी प्रत्येक अभावाला स्वतंत्र नाव शोधलं.

शब्द ओळखायचा तर त्याचे शत्रू पाहावेत. ‘फुंग’ला दोन आहेत, आणि दोन्ही चांगले बोलके. शेतातला शत्रू ‘हिप’: पीक बुडणं, धान्य कमी येणं. या ‘हिप’चा दुसरा अर्थ मनाला लागलेली खंत, आणि ‘तोउ हिप’ म्हणजे माफी मागणं. हाँगकाँगमध्ये एखादा मंत्री पत्रकार परिषदेत वाकून ‘तोउ हिप’ म्हणतो तेव्हा दुष्काळाचं अक्षर त्याच्या तोंडी असतं. ताटावरचा शत्रू मात्र ‘किम’, आणि त्याचा अर्थ गरिबी असा नाही. त्याचा अर्थ काटकसर. ‘फुंग-किम-याउ-यन’ ही चार अक्षरं कँटोनीज उपाहारगृहांच्या मेनूवर, हॉटपॉटच्या दुकानांच्या जाहिरातींत, इतकंच काय देणगीच्या आवाहनातही भेटतात: थाटात की बेतात, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. या चार अक्षरांचं मला फार अप्रूप वाटतं. कमी पदार्थ मागवणारा माणूस गरीब ठरत नाही, तो काटकसरी ठरतो, आणि काटकसर हा चिनी नीतिशास्त्रातला मोठा गुण. वाढप्याने तोंड वाकडं करायला जागाच उरत नाही.

ज्या भूमीत ही बोली वाढली ती या शब्दाला साजेशी होती का? पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशाला मासळी-तांदळाचं माहेर म्हणत आले आहेत, आणि ते खोटं नव्हे. शुनद, नानहाय या भागांत तळ्यांच्या बांधांवर तुती लावत. पानं रेशमाच्या किड्यांना, किड्यांची विष्ठा आणि मेलेले कोष तळ्यातल्या माशांना, तळ्याचा गाळ पुन्हा तुतीच्या मुळांशी. इतकी नेटकी शेती जगात थोडी. पण तुती, ऊस आणि फळबागांनी भात मागे रेटला, आणि ग्वांगडोंगला तांदूळ शेजारच्या ग्वांगशीतून नदीने आणि सयाम, व्हिएतनामहून समुद्राने आणावा लागला. किनाऱ्यावर पूर्वेकडे दोन जिल्हे आहेत, हायफंग आणि लुफंग. नावांचा अर्थ समुद्राची सुबत्ता आणि जमिनीची सुबत्ता. याच जिल्ह्यांत, खंडाने पिचलेल्या कुळांना १९२२ पासून पंग पाय या जमीनदाराच्या मुलाने संघटित केलं, आणि १९२७च्या नोव्हेंबरात तिथे चीनमधलं सुरुवातीच्यांपैकी एक सोव्हिएत उभं राहिलं. ते काही महिनेच टिकलं. पंग पायला १९२९ मध्ये गोळ्या घातल्या.

तरीही या शब्दाची सर्वांत मोठी विटंबना पुढे झाली. १९५८ साल, माओंच्या चीनची ‘मोठी झेप’. कम्यूनांमध्ये विक्रमी पिकांची चढाओढ लागली, वर्तमानपत्रं रोज नव्या विक्रमाचा ‘उपग्रह’ सोडू लागली. ग्वांगशीतल्या हुआनचियांग जिल्ह्याने एका मूमधून १,३०,००० जिनांहून अधिक भात काढल्याची घोषणा केली. एक मू म्हणजे सुमारे ६६७ चौरस मीटर, एक जिन अर्धा किलो. म्हणजे सुमारे साडेसहा गुंठ्यांच्या तुकड्यातून पासष्ट टन. अनेक शेतांतली उभी रोपं एका तुकड्यात आणून रोवली की असं पीक दिसतं. कागदावर ‘फुंगसाउ’ झाला, त्या कागदाच्या आधारे सरकारी धान्यवसुली ठरली. वसुलीला धान्य पुरेना तेव्हा शेतकरी ते लपवतात असा निष्कर्ष निघाला. ग्वांगडोंगच्या लेइनान जिल्ह्यातून १९५९च्या जानेवारीत तसा अहवाल प्रांताचे एक पक्षनेते झाओ झियांग यांनी पाठवला, माओंनी तो उचलून धरला आणि धान्य हुडकण्याची मोहीम देशभर गेली. मग दुष्काळ. हाँगकाँगचे लोक पोस्टाने तेल, डुकराची चरबी, बिस्किटं सीमेपलीकडच्या नातलगांना पाठवत राहिले, आणि मे १९६२ मध्ये माणसांचे लोंढेच्या लोंढे डोंगर ओलांडून हाँगकाँगात शिरले.

दुसऱ्याला द्यायचा आशीर्वाद सत्तेने स्वतःलाच देऊन घेतला, असं त्या वर्षांकडे पाहून वाटतं. जुन्या ग्रंथांना हा धोका माहीत होता. यी-चिंग या शकुनग्रंथातल्या चौसष्ट सहारेषी आकृत्यांपैकी पंचावन्नावी ‘फुंग’ नावाची आहे: वर मेघगर्जना, खाली अग्नी. त्यावरचं भाष्य उत्सवाचं नाही. माथ्यावर आलेला सूर्य कलायला लागतो, पुरा झालेला चंद्र घटायला लागतो, याची ते आठवण देतं.

आणि इथे मुंबई येते. १८६४ साली अमेरिकन यादवीमुळे लँकेशायरला कापूस मिळेना, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. बॅक बे बुजवायच्या कंपन्या, रोज नव्या बँका, प्रेमचंद रायचंदांच्या दारात ताटकळणारे लोक. त्या भरात मुंबईच्या भांडवलदारांनी ‘बँक ऑफ चायना’ काढायचा घाट घातला, आणि खुद्द हाँगकाँग व चीनच्या व्यापाऱ्यांसाठी मोजकेच शेअर राखले. पी अँड ओ जहाज कंपनीचे हाँगकाँगमधले तरुण अधिकारी थॉमस सदरलँड यांना हे कळलं, आणि मुंबईकरांच्या आधी तिथल्याच व्यापाऱ्यांची बँक काढायची त्यांनी खटपट सुरू केली. गंमत अशी की मुंबईला शह देणाऱ्या त्या हंगामी समितीवर पालनजी फ्रामजी आणि रुस्तमजी धनजीशा हे पारशी होते, आणि मुंबईत बस्तान असलेल्या ससून घराण्यातले आर्थर ससूनही. मार्च १८६५ मध्ये हाँगकाँग अँड शांघाय बँक उघडली. एप्रिलात यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलैला मुंबईचा शेअरबाजार भुईसपाट झाला. मुंबईची ती चिनी बँक कागदावरच राहिली.

हाँगकाँगची टिकली, आणि तिला चिनी नाव मिळालं ‘वुइफुंग’. ‘वुइ’ म्हणजे हुंडी, परगावी पाठवलेला पैसा. तो उदंड होवो. नावातही पुन्हा इच्छाच. हाँगकाँगच्या नोटा आजही तीन व्यापारी बँका छापतात आणि त्यांतली एक ही, म्हणून अठरा रेघांचं अक्षर तिथल्या भाजीवालीच्याही हातात असतं. बँक मुंबईलाही आली, आणि १८५३ मध्ये मुंबईत सुरू झालेली मर्कंटाइल बँक तिने १९५९ मध्ये विकत घेतली.

कोश चाळण्याआधी वाचकाला वापराबद्दल एक सूचना द्यायला हवी, कारण शब्द ठाऊक झाला की तो वापरावासा वाटतो. कँटोनीज घरात जेवायला बोलावलं तर मेजावर वाफवलेला अख्खा मासा, कोंबडी, कोळंबी, तीन भाज्या आणि सूप असेल, आणि यजमानीण म्हणेल ‘मोउ मत सुंग’, विशेष काही केलेलं नाही. लग्नाच्या छापील आमंत्रणातही यजमान आपल्या मेजवानीला ‘पातळ मद्य’ म्हणतो. अशा वेळी ‘फुंगसिंग’ म्हणण्याचा हक्क पाहुण्याचा, आणि तो त्याने बजावावा. यजमानाने स्वतः म्हटलं तर टेबलावरच्या म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहतील. ख्रिस्ती मंडळी याला थोडा अपवाद: १९१९च्या युनियन भाषांतराने योहानाच्या शुभवर्तमानातल्या विपुल जीवनासाठी ‘फुंगसिंग’ योजला, तेव्हापासून कँटोनीज चर्चमध्ये माणूस आपलं आयुष्य ‘फुंगसिंग’ असल्याची साक्ष मोकळेपणाने देतो; अर्थात दात्याचं नाव आधी घेऊन. दुसरा अपवाद नोकरीच्या अर्जाचा. तिथे आपला अनुभव ‘फुंगफू’ आहे असं स्वतःच लिहावं लागतं, सगळेच लिहितात, आणि वाचणारा त्यातून निम्मं वजा करूनच वाचतो.